दुसरं हेअर ट्रान्सप्लांट करावं का? ठरवण्याआधी डोक्याची मागची बाजू मोजा

पहिलं ट्रान्सप्लांट होऊन वर्ष-दोन वर्षं झाली की आरशात नजर पुन्हा उणीव शोधू लागते. भोवरा अजून उघडा दिसतो, पुढची रेषा हवी तेवढी भरली नाही, किंवा लावलेल्या केसांच्या मागेच एक नवा मोकळा पट्टा पडलाय. 'आणखी दोन हजार ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावलेले केसांचे छोटे पुंजके) टाकले की झालं' हे वाक्य इथेच सुचतं आणि क्लिनिकमध्येही हेच ऐकायला मिळतं. टक्कल किती आहे, यावर हा निर्णय घेतला तर तो बहुधा चुकतो. मागे किती केस शिल्लक आहेत, ते कुठे खर्च करायचे आणि पुढच्या वीस वर्षांसाठी किती राखून ठेवायचे, यावरून तो घ्यावा लागतो. मागच्या पट्ट्यातून काढलेलं केसमूळ तिथे पुन्हा उगवत नाही. खातं एकच आहे आणि त्यात भर पडत नाही.

आधी तारीख पाहा

पहिल्या शस्त्रक्रियेला बारा महिने झाले नसतील तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवा. लावलेले केस पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव येऊ लागते, सहाव्या महिन्यात साधारण निम्मं चित्र दिसतं. केसाची जाडी त्यानंतरही वाढत राहते. भोवऱ्यावर हे सगळं आणखी सावकाश चालतं, तिथे पंधरा ते अठरा महिने धरा. सातव्या महिन्यात 'कमी आलं' म्हणून हळहळणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार चौदाव्या महिन्यात उरत नाही.

तोवर एक काम करा: दर दोन महिन्यांनी फोटो. जागा, दिवा, केसांची लांबी तीच ठेवा आणि केस कोरडे असू द्या. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून असे पाच फोटो, शिवाय एक ओल्या केसांचा. वरून पडणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली कुणाचंही डोकं विरळ दिसतं, त्यामुळे लिफ्टमधला सेल्फी पुरावा म्हणून धरू नका.

केस नेमके कशामुळे कमी दिसतात?

इथे घाई केली तर पुढचं सगळंच चुकतं. 'कमी केस' या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असतात आणि त्यातल्या दोनच कारणांवर शस्त्रक्रिया हा उपाय आहे.

पहिली शक्यता म्हणजे लावलेले केस नीट आले, पण त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस पुढे गळत गेले. सगळ्यात जास्त वेळा हेच घडतं. ट्रान्सप्लांटने टक्कल पडणं थांबत नाही. ते फक्त मागच्या टिकाऊ केसांची जागा बदलतं. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वाढतो. पण त्याच्या शेजारचा पुढचा केस पुढच्याच स्वभावाने जातो. परिणाम असा की समोर एक दाट पट्टी, तिच्या मागे खिंड आणि मग उरलेले केस. ही खिंड औषधाविना भरायला गेलात तर काही वर्षांनी ती आणखी मागे सरकलेली दिसेल.

दुसरी शक्यता म्हणजे लावलेलेच कमी उगवले. हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. ट्रायकोस्कोपखाली (केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) लावलेल्या भागातल्या एका चौरस सेंटीमीटरमधले केसांचे पुंजके मोजायचे आणि पहिल्या वेळी तिथे किती घनतेने लावले होते त्याच्याशी ताडून पाहायचे. चाळीस लावले आणि चौतीस-पस्तीस दिसताहेत तर काम ठीक झालंय. फक्त चाळीसची अपेक्षाच अपुरी होती, कारण निरोगी डोक्यावर ऐंशीच्या आसपास पुंजके असतात. चाळीस लावून पंधरा दिसत असतील तर मात्र कारण शोधायला हवं. मुळं काढताना कापली गेली का, बाहेर ठेवल्यावर वाळली का (शरीराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक तासाला साधारण एक टक्का मुळं कमी जगतात, वाळली तर त्याहून कितीतरी जास्त), लावताना चिमट्याने चिरडली गेली का, नंतर संसर्ग झाला का, रुग्ण सिगारेट ओढत होता का. कारण न शोधता त्याच टीमकडे त्याच पद्धतीने पुन्हा गेलात तर निकाल वेगळा यायचं काही कारण नाही.

तिसरी शक्यता त्वचेच्या आजाराची. केसाच्या बुडाशी लालसरपणा, मुळाभोवती पांढरा कोंड्यासारखा पापुद्रा, जळजळ किंवा दुखरेपणा, आणि जिथे केस गेले तिथे छिद्रंसुद्धा न दिसणारी गुळगुळीत चकाकी, असं काही दिसलं तर लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखा व्रण पाडणारा आजार असू शकतो. तो ट्रान्सप्लांटनंतरही उद्भवतो. त्वचारोगतज्ज्ञ चार मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करतात. आजार जागा असताना घातलेले ग्राफ्ट तोच आजार खाऊन टाकतो. साधारण दोन वर्षं तो शांत राहिल्याशिवाय सुरी लावायची नाही.

चौथी, तात्पुरती गळती. मोठा ताप, कडक डाएट, बाळंतपण, थायरॉइडचा बिघाड, शरीरातलं लोह कमी होणं, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मुठीने केस जातात आणि कारण दूर झालं की परत येतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ या साध्या रक्ततपासण्या करून सहा महिने थांबा.

मागचा हिशेब: लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग

डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, नुसतं मागे हात फिरवून 'भरपूर आहेत' म्हणाले तर तो हिशेब झाला नाही. आकडे मागा. दोन्ही कानांच्या वर, मागच्या मध्यभागी आणि मागे उजवीकडे-डावीकडे अशा किमान पाच जागी ट्रायकोस्कोपने एका चौरस सेंटीमीटरमधले पुंजके मोजून त्यांचा आकडा लिहून घ्यायचा. हात न लागलेल्या डोक्यावर तो बहुतेकांचा ६५ ते ८५ च्या दरम्यान येतो. एका पुंजक्यात सरासरी दोनपेक्षा किंचित जास्त केस असतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, आयुष्यभर टिकेल असा मागचा पट्टा १८० चौरस सेंटीमीटर आहे आणि मूळ घनता ७५ होती. म्हणजे एकूण १३,५०० पुंजके. केस मध्यम जाडीचे आहेत आणि बारीक कापल्यावरही मागची त्वचा दिसू नये म्हणून ४५ ची घनता राखायची असं ठरवलं. मग प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून जन्मभरात ३० काढता येतील, एकूण ५,४००. पहिल्या वेळी कागदावर २,८०० ग्राफ्ट लिहिलेत. शिल्लक २,६०० असायला हवेत.

खरी गंमत यापुढे आहे. आता मोजलेली सरासरी घनता ५८ आली तर ७५ वजा ५८, म्हणजे १७ गुणिले १८०, सुमारे ३,०६० पुंजके गेलेत. कागदावरच्या २,८०० च्या जवळपास, थोडी मुळं काढताना तुटली असतील. हिशेब जुळतो. पण सरासरी ५० आली तर ४,५०० गेलेत! मग वरचे १,७०० कुठे गेले? एक तर काढताना मुळं मोठ्या प्रमाणात कापली गेली, किंवा लिहिल्यापेक्षा जास्त काढले, किंवा मागचा पट्टा स्वतःच विरळ होत चाललाय. तिन्हींपैकी काहीही असलं तरी हाती २,६०० नाहीत, जेमतेम ९०० आहेत. दुसऱ्या ऑपरेशनचा बेत इथेच बदलतो. मूळ घनतेची नोंद मिळत नसेल तर काढलेल्या जागी राहिलेले पांढरे ठिपके मोजूनही अंदाज बांधता येतो.

मोजणी चालू असताना डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी पाहायला सांगा. मागच्या पट्ट्यात बारीक होत चाललेल्या केसांचं प्रमाण किती? पाचात एकाहून जास्त केस असे पिचलेले असतील तर मागचा पट्टाही टक्कल पडण्याच्या वाटेवर आहे, तिथून काढून पुढे लावलेले केसही टिकणार नाहीत. आणि मानेकडून वर व कानांच्या वरच्या बाजूने केसांची कड सरकतेय का? सरकत असेल तर १८० चौरस सेंटीमीटर हा आकडा आधी खाली आणायचा, मग गुणाकार करायचा.

केसाची जाडी दुर्लक्षून चालत नाही. झाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे जाडी गुणिले जाडी अशी वाढते. ८० मायक्रॉनचा केस ६० मायक्रॉनच्या केसापेक्षा पावणेदोन पटीहून जास्त जागा व्यापतो. बारीक केसांच्या माणसाने जाड केसांच्या मित्राला किती ग्राफ्ट लागले हे विचारून स्वतःचा आकडा काढू नये.

टक्कल मोजायचं कसं

हे घरी करता येतं. स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म डोक्यावर घट्ट बसवा, दुसऱ्या कुणाला तरी मार्करने विरळ भागाची कड आखायला सांगा. डोकं गोल असल्यामुळे फिल्म दोन-तीन तुकड्यांत कापून आलेखाच्या कागदावर सपाट पसरा आणि एक सेंटीमीटरचे चौकोन मोजा. अर्धे चौकोन जोडीने एक धरा. चार-पाच चौरस सेंटीमीटरची चूक होईल, पण 'थोडंसं मागे' यापेक्षा हा आकडा शंभर पट उपयोगी.

समजा भोवरा ६० आणि त्याच्यापुढचा मधला भाग ५० चौरस सेंटीमीटर निघाला. भोवऱ्यावर ३० ची घनता धरली तर १,८००, मध्ये ३५ धरली तर १,७५०. एकूण ३,५५० ग्राफ्ट. हाती कागदाप्रमाणे २,६०० आहेत असं धरलं आणि वय चाळिशीच्या आत असेल तर त्यातले हजारभर तरी हात न लावता राखायला हवेत. म्हणजे आज खर्चायला १,६००. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते असे.

मग पुढे लावावं की भोवऱ्यावर?

बहुतेकांचं मन भोवऱ्याकडे ओढतं, पण भोवरा ग्राफ्ट गिळतो. तिथे केस चक्राकार पसरतात, एकमेकांवर पडत नाहीत, म्हणून तेवढ्याच केसांत झाकणं निम्मंही होत नाही. शिवाय तो बाहेरच्या बाजूने वाढत जातो. आज मधोमध भरला आणि दहा वर्षांनी कडा सरकल्या की केसांचं बेट आणि भोवती मोकळी कडी असं दिसतं, आणि ती कडी भरायला मागे काही उरलेलं नसतं. ग्राफ्ट मर्यादित असतील तर आधी चेहऱ्याची चौकट, मग मधला भाग, भोवरा शेवटी. मधला भाग भरला तर तिथले लांब केस मागे विंचरून भोवऱ्याचा वरचा अर्धा भाग आपोआप झाकला जातो, हा फायदा फुकट मिळतो.

पुढची रेषा आणखी खाली आणायचा मोह मात्र टाळाच. प्रौढ पुरुषात ती भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साडेसहा ते आठ सेंटीमीटर वर शोभते. एकेक सेंटीमीटर खाली आणायला कपाळाच्या रुंदीभर सगळ्यात दाट काम लागतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी पंचविशीतली रेषा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी दिसते.

औषधं आधी, सुरी नंतर

मूळचे केस गळायचे थांबले नसतील तर दुसरं ऑपरेशन म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. पुरुषांसाठी फिनास्टराइड १ मिलिग्रॅम रोज आणि मिनॉक्सिडिल ५ टक्के ही दोन सर्वांत जास्त अभ्यासलेली औषधं आहेत. परिणाम ठरवायला पूर्ण बारा महिने द्या. मिनॉक्सिडिलने पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. ती बहुधा औषध लागू पडत असल्याची खूण असते, तिथेच लोक घाबरून सोडतात. फिनास्टराइडमुळे काही जणांना लैंगिक इच्छा कमी होणं किंवा मन उदास राहणं असा त्रास होतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. त्याने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा होतो, हे प्रोस्टेट तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

वर्षभर औषध घेतल्यावर कित्येकदा विरळ केस इतपत जाड होतात की लागणाऱ्या ग्राफ्टचा आकडा खाली येतो, क्वचित शस्त्रक्रियाच टळते. औषध आयुष्यभर घ्यायची तयारीच नसेल तर तेही आत्ताच कबूल करा आणि पुढे होणारी गळती धरूनच बेत आखा.

पद्धत बदलायची का

पहिल्या वेळी एफयूई (एकेक पुंजका पंच या बारीक गोल पात्याने सुटा काढण्याची पद्धत) झालं असेल, तर मागच्या त्वचेत हजारो बारीक व्रण आहेत. आतली त्वचा चिवट होते, मुळांचे कोन थोडे वळतात आणि पंच आत घुसताना मुळं कापली जाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून आधी पन्नासेक ग्राफ्ट काढून सूक्ष्मदर्शकाखाली किती तुटले ते पाहणारा सर्जन निवडा. शंभरात पाचापर्यंत ठीक. पंधरा-वीस तुटत असतील तर त्या दिवशी तिथेच थांबणारा डॉक्टर खरा.

मागची त्वचा सैल असेल तर दुसऱ्या वेळी एफयूटी, म्हणजे मागच्या त्वचेची एक पट्टी कापून तिच्यातून ग्राफ्ट काढण्याची पद्धत, विचारात घेण्यासारखं आहे. सगळ्यात टिकाऊ मधल्या भागातून केस मिळतात, आसपासची घनता फारशी उतरत नाही. मोबदल्यात एक रेघेसारखा व्रण राहतो, म्हणजे मागे एकदम बारीक केस ठेवायची हौस सोडावी लागते. पहिलं एफयूटी असेल तर जुना व्रण नव्या पट्टीतच काढून टाकता येतो आणि व्रण एकच राहतो. त्वचा सैल आहे का, हे दोन्ही अंगठ्यांनी मागची त्वचा वर-खाली सरकवून कळतं. ती जागेवर घट्ट असेल तर पट्टी ताणून शिवावी लागते आणि व्रण रुंद होतो.

मागे उरलंच नसेल तर दाढी. हनुवटीखालचे केस जाड असतात, बहुतेक एकेकटे येतात. मधल्या भागात आणि भोवऱ्यावर डोक्याच्या केसांत मिसळून लावले तर चांगली भर देतात. पुढच्या रेषेत लावले तर तारेसारखे उठून दिसतात. छातीचे केस फार वाढत नाहीत, त्यांच्यावर भरवसा ठेवून मोठा बेत आखू नये.

दुसऱ्या वेळी वेगळं काय बिघडतं

पहिल्या वेळी मोकळ्या जमिनीवर काम होतं. आता उगवलेल्या केसांच्या मधून छेद द्यायचे असतात. छेदाचा कोन शेजारच्या केसाच्या कोनाशी जुळला नाही तर पहिल्या वेळी लावलेलं मूळच कापलं जातं. त्यासाठी चांगलं भिंग लागतं आणि बहुतेक वेळा तिथले केस बारीक कापावे लागतात. 'केस न कापता करून देतो' हे ऐकायला गोड आहे, पण दाट भागात ते धोक्याचं.

आसपासचे केस धक्क्याने गळणं, म्हणजे शॉक लॉस, या वेळी जास्त जाणवतो कारण गमावण्यासारखे केस तिथे असतात. निरोगी केस तीन-चार महिन्यांत परततात. आधीच पिचलेले केस मात्र गेले की गेले. नेमक्या अशाच केसांच्या भागात ८०० ग्राफ्ट घालून ६०० मूळचे केस घालवले तर नफा किती, हे तुम्हीच मोजा.

व्रणाळलेल्या त्वचेला रक्तपुरवठा कमी असतो. तिथे एकदम ४०-४५ ची घनता कोंबली आणि रुग्ण सिगारेट ओढणारा असेल तर मधली त्वचा काळी पडून मरू शकते. अशा जागी २० ते २५ वर थांबायचं. शंका असेल तर आधी पन्नास-शंभर ग्राफ्टची चाचणी करून आठ-दहा महिने वाट पाहायची. सिगारेट शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान तीन आठवडे बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.

पहिलं काम बिघडलेलं असेल तर

रेषा फार खाली आलीय, जाड पुंजके समोर लागलेत, केस उलट्या दिशेने उभे राहतात, अशा वेळी वर आणखी केस टाकून झाकण्याआधी चुकीचे केस काढायचे. ते पंचने उपटून काढता येतात आणि पुंजके सुटे करून रेषेच्या मागे पुन्हा लावता येतात, म्हणजे ते खात्यात परत जमा होतात. पहिल्या दोन-तीन रांगांत फक्त एका केसाचे ग्राफ्ट, त्वचेला जवळजवळ टेकलेले, हे दुरुस्तीत विसरून चालत नाही. हे काम एका बैठकीत उरकत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद न्या: पद्धत, पंचचा आकार, किती ग्राफ्ट, त्यात एक, दोन आणि तीन केसांचे किती. कागद हाती नसेल तर क्लिनिककडे मागणी करून मिळवा, तो तुमच्या उपचाराचा भाग आहे. मग विचारा: मुळं कोण काढणार, छेद कोण देणार, त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती रुग्ण आहेत? 'आमची टीम करते' हे उत्तर पुरेसं नाही. माझ्या मागे आज किती घनता आहे आणि तुमच्या कामानंतर किती राहील, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर न देता जे फोनवर सवलतीची मुदत सांगू लागतील, तिथून उठा.

आकडे पाहून 'नको' असं उत्तर आलं तरी हात बांधलेले नसतात. विरळ भागात त्वचेवर ठिपक्यांची रंगछटा देणारं मायक्रोपिगमेंटेशन केसांमधली मोकळी त्वचा गडद करतं आणि भोवऱ्यावर त्याचा परिणाम पाचशे ग्राफ्टपेक्षाही कधीकधी जास्त दिसतो. हेअर फायबरची पूड तर आजच लावून पाहता येते. पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटांत भरलेला भोवरा समाधान देत असेल, तर मागचे १,६०० ग्राफ्ट आणखी काही वर्षं तिथेच राहू द्या आणि पुढच्या वर्षी त्याच दिव्याखाली, त्याच पाच कोनांतून फोटो काढून पुन्हा मोजा.